हात काढ!

परब मास्तर कुठल्याही यंत्राला हात लावत नसत. एखादा कीर्तनकार किंवा पोस्टमास्तर यंत्राला हात लावत नसेल तर त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण परब मास्तर लालबागच्या एका कापड गिरणीत यंत्रांचेच मास्तर होते आणि आम्ही सहा अप्रेंटिस त्यांच्याकडे यंत्रं चालवायला शिकत होतो. तरीही त्यांचे हात आम्ही पाहिले नव्हते. ते कायम पाठीमागे असायचे. खाली खाकी पँट, वर काळा कोट, तोही भर मे महिन्यात, आणि कोटामागे एकमेकांत घट्ट अडकवलेले दोन हात. आमच्यापैकी कुणाचं बोट एखाद्या चाकाकडे जरासं सरकलं की खात्याच्या दुसऱ्या टोकाहून आरोळी यायची, "हात काढ!"

मी मूळचा गिरगावचा. मॅट्रिक झाल्यावर मी बँकेत चिकटावं अशी आईची इच्छा होती आणि तिने शेजारीपाजारी तसं सांगूनही टाकलं होतं. मी गिरणीत अप्रेंटिस म्हणून लागलो तेव्हा तिने शेजाऱ्यांना सांगितलं की मुलगा "मशीनचं मोठं शिकतोय". मोठं म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, आणि पहिले काही महिने मलाही नव्हतं. मला वाटलं होतं, पाना-पक्कड हातात येईल, अंगाला तेल लागेल, घरी जाऊन साबणाने हात घासताना जरा रुबाब करता येईल. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी मास्तरांनी आम्हाला एका ओळीत उभं केलं आणि म्हणाले, "हात मागे घ्या. असे. आता बघा."

"काय बघायचं, मास्तर?" मी विचारलं.

"कुठला तू?"

"गिरगाव."

"गिरगाव, तोंड पण मागे घे."

तेव्हापासून मी त्या गिरणीत "गिरगाव" झालो. माझ्याशेजारी उभा असलेला कांबळे "नायगाव" झाला. मास्तर माणसाच्या नावात वेळ घालवत नसत. नाव बदलता येतं, पत्ता बदलायला मुंबईत जन्म जातो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि खोली शोधलेल्या कुणालाही ते पटेल.

आता आम्ही काय बघत होतो ते सांगतो. साचाखात्यात, म्हणजे जिथे साच्यांवर कापड विणलं जातं तिथे, हवेत ओल लागते. हवा कोरडी झाली की सूत तटातट तुटतं. ओल जास्त झाली की सूत फुगतं आणि साचे गंजतात. म्हणून शेडच्या हवेत पाण्याचे बारीक तुषार सोडतात. पूर्वी हे काम बाबू घाडी नावाचे म्हातारे गृहस्थ करायचे. ते शेडमध्ये यायचे, नाक वर करून हवा हुंगायचे आणि पाण्याचं चाक फिरवायचे. संधिवात उसळला की त्यांना हवा आहे त्याहून दमट वाटायची, आणि मग त्या दिवशी सूत तुटायचं. शेवटी गिरणीने परदेशातून एक आपोआप चालणारं यंत्र आणलं. भिंतीवर काचेच्या दाराची काळी पेटी, आत गोल तबकडीवर दोन काटे आणि मागून निघालेल्या तांब्याच्या बारीक नळ्या. हवा कोरडी झाली की पेटी स्वतःच पाणी वाढवणार, दमट झाली की स्वतःच कमी करणार. कुणी हुंगायला नको आणि चाक फिरवायला नको.

घाडीकाकांना या पेटीचा राग यायला हवा होता. पण त्यांनी तिचं नाव ठेवलं "जावई".

"बघ मरे," ते मला म्हणाले, "भिंतीक टेकान बसलो हा, काय काम दिसना नाय, हात कोणी लावूचो नाय आणि सगळे पुढे उभे. जावई नाय तर काय?"

गिरणीभर तेच नाव झालं. खुद्द मॅनेजर साहेबही एकदा "जावई बरोबर चालते ना?" असं विचारून गेले.

मास्तर मात्र जावयावर जीव टाकून होते. त्यातले दोन काटे ही त्यांची भगवद्गीता होती. "लाल काटा म्हणजे पाहिजे ते. काळा काटा म्हणजे आहे ते. काळा लालच्या मागे धावतो, आपण नाय धावायचं. आपण लाल काटा लावायचा, हात काढायचा आणि लांब उभं राहायचं." एवढंच ते शिकवत, पण निरनिराळ्या प्रकारे शिकवत. फळ्यावर आकृती काढायची झाली तर खडू नायगावच्या हातात. "काढ तू. वर्तुळ. हे वर्तुळ आहे की वडा? पुसून टाक, परत काढ." स्वतः ते मागे हात बांधून जीभ चालवायचे. संध्याकाळपर्यंत कांबळेच्या कोपरापर्यंत खडू आणि आमच्या डोक्यात दोन काटे.

ही दोन काट्यांची दृष्टी मास्तरांनी सगळ्या जगाला लावलेली होती. माझं लग्न ठरत होतं ते फिसकटलं तेव्हा ते म्हणाले, "तुझा लाल काटा फार वर लावलेला होता." संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस होते. लालबाग-परळमध्ये रोज सभा, रोज घोषणा, आणि महाराष्ट्र आणि गुजरात एकाच राज्यात कोंबून दिल्लीने द्वैभाषिक केलं होतं. त्यावर मास्तरांचं भाष्य असं, "अरे, एका नळावर दोन कंट्रोलर बसवलेत. एक म्हणतो उघड, दुसरा म्हणतो बंद कर. पाणी येणार कुठून? आणि मोजायचं इथे आणि नळ दिल्लीत! बातमी पोचून नळ फिरेपर्यंत इथे पूर येऊन जातो."

मोर्चाला ते जायचे, पण तिथेही हात मागेच. सगळे मुठी उगारून ओरडताहेत आणि हा एकटा माणूस काळा कोट घालून, हात पाठीमागे बांधून, मान ताठ करून खणखणीत आवाजात "झालाच पाहिजे!" म्हणतोय. परळच्या नाक्यावर एकदा दोघा पोरांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "काय हो, सीआयडी का?" मास्तर भडकले नाहीत. म्हणाले, "घोषणा तोंडाने द्यायची असते. मुठीने काय आवाज येतो?" पोरांना ते पटलं आणि ती निघून गेली. आम्हालाही पटलं. मास्तरांचं सगळं असंच पटायचं.

मास्तर आणि घाडीकाका दोघेही मालवणकडचे, एकाच गावचे, आणि करी रोडजवळच्या एका चाळीत एकाच खोलीत राहायचे. घाडीकाकांची बायकोमुलं गावाला होती. मास्तरांची बायको वारली होती आणि मूलबाळ नव्हतं. आम्हा पोरांना एका रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं तेव्हा ती खोली मी पाहिली आणि माझी खात्री झाली की मास्तरांना वेड लागलेलं आहे. पाण्याच्या पिंपात लाकडाचा तरंगता तुकडा, त्याला सुतळी, सुतळीला डालड्याचा डबा. पहाटे नळाला पाणी आलं आणि पिंप भरलं की सुतळी सैल पडायची, डबा खाली आदळायचा आणि खोलीला कळायचं की पिंप भरलं. खोलीला कळायचं म्हणजे मजल्याला कळायचं. दार आपोआप लागायला मागे वजन टांगलं होतं, आणि पाहुण्याने आत येताना वाकलं नाही तर ते त्याच्या डोक्यात बसायचं. मला बसलं.

स्वयंपाक घाडीकाका करत आणि मास्तर लांबून देखरेख करत. "बाबू, हात काढ. ढवळू नको. आमटी आपली आपण होते." बांगड्याची आमटी अशी झाली होती की गिरगावातल्या आमच्या सगळ्या खाणावळींनी नाक मुठीत धरून शरण यावं. पण जेवायला बसताना मास्तर आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. घाडीकाका त्यांच्या पलीकडे चिकटून बसले.

"मास्तर, असे का बसलात?" मी विचारलं.

"जेवणाऱ्याने कुणाचं ताट बघू नये," ते भिंतीला म्हणाले, "आणि आपलं कुणाला दाखवू नये."

त्यांची दाढीसुद्धा रोज सकाळी घाडीकाका करत. स्वतःची दाढी स्वतः करणं म्हणजे यंत्र हातावर चालवणं, असं मास्तरांचं मत होतं. कांबळे घरी जाताना म्हणाला, "अरे, हा माणूस उद्या श्वास पण बाबू घाडीकडून घेईल." आम्ही करी रोडच्या पुलापर्यंत हसत गेलो.

खात्यात चहा आला की मास्तर पोऱ्याला सांगत, "नळीवर ठेव. निवू दे. चहाचा काटा खाली येऊ दे." अर्धाच ग्लास मागवायचे. मग आम्ही आपापला चहा संपवून कामाला लागलो की ते घाडीकाकांना ग्लास उचलायला लावून दोघे पंपाच्या खोलीत जायचे आणि रिकामा ग्लास परत यायचा. मास्तरांची लहर, म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

आता मुख्य गोष्ट. जावयाला साचाखात्याच्या एका शेडमध्ये फक्त चाचणीसाठी बसवलं होतं. मॅनेजर साहेब पारशी होते, बोलायला गोड आणि ठरवलेल्या गोष्टीला कडक. त्यांनी मास्तरांना आणि आम्हाला समोर उभं करून सांगितलं होतं, "दिवालीपर्यंत देखू. एक वखत पण हातावर घ्यावा लागला, तर मशीन खोक्यात आणि पोरा लोक घरी." हातावर घेणं म्हणजे पेटी बंद करून पूर्वीसारखं चाक माणसाने फिरवणं. यंत्र टिकलं तर सगळ्या शेडमध्ये तशाच पेट्या येणार आणि त्या चालवायला आम्ही सहाजण कायम होणार. नाही टिकलं तर मी आईला काय सांगणार होतो, हा विचार मी रोज लालबागला उतरताना करायचो. शेडचे मुख्य दिवेकर साहेब तर पहिल्यापासून यंत्राच्या विरुद्ध. ते दिवसातून चारदा येऊन काट्यांकडे अशा नजरेने बघत की आमचाच घाम निघे.

खंडेनवमी आली. गिरणीत त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. साचे धुऊनपुसून लख्ख करतात, झेंडूच्या माळा घालतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. जावयाचीही पूजा करायची ठरली. मास्तरांनी हुकूम सोडला, "लांबून. माळ पेटीच्या खिळ्याला. अक्षता टाकायच्या नाहीत. नारळ बाहेर." कांबळेच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, त्यामुळे तो पूजेत नव्हताच. तो हात मागे बांधून दाराशी उभा राहिला. "बघा," मास्तर आम्हाला म्हणाले, "यंत्राशी कसं वागावं ते नायगाव शिकलाय. बाकीचे नुसते भाविक." कांबळेला हसू आवरेना.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली. साचे चालू होऊन थोडा वेळ गेला असेल, तोच शेडमधून एक साचेवाला धावत आला. "अरे, आत ढग शिरलाय!"

मी आत गेलो आणि मला माझेच पाय दिसेनात. छतावरचे सगळे तुषार पूर्ण जोरात सुटले होते. शेडभर पांढरं धुकं. माळांमधले झेंडू ठिबकत होते. साच्यांचा खडखडाट ऐकू येत होता, पण साचे दिसत नव्हते. साचेवाल्यांना आधी वाटलं आग लागली, मग कळलं नुसतं पाणी आहे, आणि मग त्यांना मजा वाटायला लागली. कुठल्यातरी कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "संयुक्त महाराष्ट्र!" दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आलं, "झालाच पाहिजे!" एरवी गिरणीत घोषणा दिली की जॉबर, म्हणजे मुकादम, येऊन गचांडी धरायचा. आज जॉबरला कुणाची मान कुठे हेच दिसत नव्हतं. तो बिचारा धुक्यात हात पसरून "कोण आहे रे तो? कोण आहे?" करत फिरत होता आणि प्रत्येक वेळी घोषणा त्याच्या पाठीमागून येत होती. पुढे साचेवाले म्हणायचे, द्वैभाषिक मोडायची सुरुवात आमच्या शेडमध्ये झाली.

आम्हाला मात्र हसायला सवड नव्हती. दिवेकर साहेब ओलेचिंब होऊन पेटीजवळ पोचले होते. "बंद करा हे खूळ! घाडी, चाक हातावर घे!" घाडीकाका चाकाजवळ उभे होते. त्यांचा हात चाकाकडे गेला. चाक फिरलं असतं तर आमची सहाजणांची नोकरी गेली असती.

"बाबू, हात काढ!" मास्तरांचा आवाज.

"परब, सूत सडतंय माझं!"

"एक मिनिट द्या, साहेब. फक्त एक."

मास्तर पेटीशी गेले, कांबळेला काच उघडायला सांगितली आणि नाक आत घालून बघत राहिले. पेटीत एक सुईच्या टोकाएवढं भोक असतं. त्यातून हवा सारखी फुसफुसत बाहेर पडते. ते भोक झाकलं गेलं की हवा कोंडते, नळ्यांमधला दाब चढतो आणि पाण्याचा नळ पूर्ण उघडतो. म्हणजे त्या भोकावर काहीतरी बसलं होतं. मीही मान वाकवून पाहिलं. त्या भोकाभोवतीचं पितळ चकचकीत, गोलसर, अगदी कपाळासारखं दिसत होतं. आणि त्या कपाळावर अंगठ्याने ओढलेला ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा होता. मधोमध, रीतीप्रमाणे, तांदळाचा एक दाणा.

मास्तरांनी मान फिरवून घाडीकाकांकडे पाहिलं. पेटीची किल्ली रात्री त्या दोघांच्या खोलीत खुंटीला असायची. घाडीकाका आपल्या उजव्या अंगठ्याकडे बघत होते. ते मास्तरांना अगदी हळू म्हणाले, "दत्तू, जावयाक दसऱ्याक टिळो नको रे? सगळ्यांका लावलो, तोच एकटो कोरो..."

"उगी रव," मास्तर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "गिरगाव, इकडे ये. ती बारीक तार घे. आता हात घाल."

एवढ्या महिन्यांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. "मास्तर, माझ्या हातून भोक मोठं झालं तर? तुम्हीच करा ना," मी म्हणालो आणि तार त्यांच्यापुढे धरली.

मास्तरांनी क्षणभर डोळे मिटले. मग उजवा हात पाठीमागून पुढे आणला आणि तार घेतली. तार त्यांच्या बोटांत आली आणि तिचं टोक दिसेनासं झालं. इतका त्यांचा हात थरथरत होता. बोटं, मनगट, अगदी कोटाची बाही कोपरापर्यंत हलत होती. थंडीने नव्हे, भीतीने नव्हे. तो हात तसाच होता आणि बहुधा कैक वर्षं तसाच होता. त्यांनी तार परत माझ्या हातात ठेवली आणि हात मागे नेला.

"बघितलंस? आता घाल. मुकाट्याने."

फळा, चहा, भिंतीकडे तोंड करून जेवण, दाढी. सगळं एकदम माझ्या डोक्यात आलं आणि ज्याला हसत आम्ही करी रोडच्या पुलावरून गेलो होतो त्या माणसासमोर मला मान वर करवेना. मी तार घातली. "दाबू नको. फिरव. दाणा आधी. आता कुंकू. हां. बरोबर. तुझा हात चांगला आहे, गिरगाव." मास्तरांची जीभ माझ्या बोटांबरोबर चालत होती. एकदम फुस्स करून हवा सुटली. मास्तर लगेच म्हणाले, "हात काढ." मी काढला. काळा काटा जरा अडखळला आणि मग हळूहळू लाल काट्याकडे निघाला. धुकं विरायला लागलं. जॉबरला पोरं दिसायला लागली आणि घोषणा बंद झाल्या. चाकाला कुणाचा हात लागला नव्हता.

पण दिवेकर साहेबांनी मॅनेजर साहेबांना बोलावणं धाडलंच होतं. ते आले. पुसून काढलेलं कुंकू आणि तांदळाचा दाणा चिंधीवर समोर ठेवलेला होता. साहेबांनी ती चिंधी उचलून पाहिली.

"मशीनमध्ये खोड असेल तर खोक्यात जाईल," ते म्हणाले. "मशीनमध्ये खोड नसेल, तर कोणी हात लावला? जो कोण असेल तो आज घरी जाईल."

"ही पोरंच," दिवेकर साहेब म्हणाले. "दुसरं कोण? ही सगळी काढून टाका."

घाडीकाका पुढे सरकले. त्यांना निवृत्त व्हायला थोडकेच दिवस राहिले होते आणि गावी परसात नवी विहीर खणायची म्हणून ते रोज आम्हाला जागा वर्णन करून सांगायचे. "सायबानू, मिया..." एवढंच ते बोलले.

"बाबू, गप!" मास्तर ओरडले. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागून काढले आणि मॅनेजर साहेबांसमोर, सगळ्या खात्यासमोर, पुढे धरले. "हात माझा, साहेब."

"तुझा? परब, तू टच केला?" साहेबांचा विश्वास बसेना. गिरणीत कुणाचाच बसला नसता.

"सण होता, साहेब. जावयाला टिळा लावावा म्हटलं. पेटीच्या वरती लावायला गेलो, पण हात हा असा. बघा. भलतीकडे गेला."

हात थरथरत होते आणि त्यांच्याकडे बघून कुणाच्याही मनात शंका उरली नसती. वर्षानुवर्षं कोटामागे लपवलेली गोष्ट त्या माणसाने एका म्हाताऱ्याच्या विहिरीसाठी आणि आम्हा पोरांसाठी भर खात्यात उघडी केली. कांबळे माझ्याशेजारी खाली बघत उभा होता.

मॅनेजर साहेबांनी परबांना तरुण फिटर असल्यापासून पाहिलं होतं. ते त्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कधीपासून असा हाय?"

"बरीच वर्षं झाली."

"बोलला का नाय?"

मास्तरांनी हात पुन्हा मागे नेले.

साहेब काट्यांकडे वळले. काळा काटा लाल काट्यावर जाऊन बसला होता. "मशीनमध्ये खोड नाय," ते दिवेकर साहेबांना म्हणाले. "मशीन राहील, पोरा राहील." मग जाता जाता थांबून, आवाज जितका कडक करता येईल तितका कडक करून म्हणाले, "आणि परब, आजपासून तू मशीनला हात लावायचा नाय. समजला?"

"बरं, साहेब," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "मी पण पोरांना तेच सांगतो."

साहेब दाराबाहेर जाईपर्यंत कसंबसं सगळ्यांनी हसू दाबलं. पुढे आम्हाला कळलं की साहेबही बाहेर जाऊन हसले.

संध्याकाळी आम्ही गिरणीसमोरच्या हॉटेलात बसलो. मास्तर, घाडीकाका, कांबळे आणि मी. घाडीकाका टेबलाकडे बघत म्हणाले, "दत्तू, माझ्यासाठी कित्याक रे आळ अंगार घेतलंस?"

"तुझ्यासाठी नाय. जावयासाठी," मास्तर म्हणाले. मग आमच्याकडे बघत म्हणाले, "हाताचं कळलं असतं तर मला घरी बसवला असता. घरी कोण आहे माझं? म्हणून म्हटलं, माझे दोन गेले तर गेले, बारा तयार करून ठेवू."

आम्ही सहाजण, म्हणजे आमचे हात बारा. कांबळेला आणि मला दोघांनाही ते एकदमच कळलं.

चहा आला. घाडीकाकांनी सवयीने मास्तरांचा ग्लास उचलून बशीत ओतायला घेतला. "राहू दे, बाबू," मास्तर म्हणाले, "आता कुणापासून लपवायचं?" त्यांनी हात पुढे आणला, भरल्या हॉटेलात, आणि भरलेला ग्लास धरला. ग्लास टेबलावरून उठला आणि चहा काठावरून उडून कोटावर सांडला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. मी न राहवून हात पुढे केला आणि ग्लास खालून धरला.

"हात काढ, गिरगाव," मास्तर म्हणाले.

मी काढला. ग्लास पुन्हा थरथरायला लागला. मास्तर त्या ग्लासाकडे बघत राहिले, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं, ठेव."

मी हात पुन्हा ग्लासाखाली धरला आणि त्यांचा चहा संपेपर्यंत तो तसाच ठेवला.